दळवींचं हातवळण

निधी वाकोडेचा हात थांबला. आज चौथ्यांदा.

नागपूरच्या वायुपंख कंपनीच्या सराव-केंद्रातलं खोटं कॉकपिट होतं ते. समोरच्या पडद्यावर खोटी धावपट्टी वर वर येत होती. यंत्राच्या आवाजानं "पाचशे" असं सांगितलं, म्हणजे जमीन आता पाचशे फुटांवर. आणि इंजिनाच्या दांडीवर ठेवलेला निधीचा डावा हात, जो इतका वेळ झकास चालला होता, तो एकदम निपचित झाला. दीड सेकंद. मग जणू काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा हलला आणि विमान अलगद टेकलं.

"वा! हुबेहूब दळवी साहेब!" मागे उभे असलेले प्रशिक्षण प्रमुख सानप टाळ्या वाजवत म्हणाले. "उद्यापासून प्रवाशांसकट पंधरा उड्डाणं. ती झाली की नेमणुकीचं पत्र हातात."

निधीनं हसून मान डोलावली, पण तिची नजर हातावरून हटेना. त्या दीड सेकंदात तिला एक विचित्र भावना व्हायची. आता कुणीतरी बोलेल, असं वाटायचं. कुणी बोलायचं नाही.

हे हातवळण प्रकरण काय आहे ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं भुताटकीसारखं वाटेल. सायकल चालवायला शिकलेला माणूस विचार करून तोल सावरत नाही. ते काम मेंदूच्या मागच्या बाजूला असलेला लहान मेंदू परस्पर करतो. कुठला स्नायू कधी, किती ओढायचा याचे ठसे तिथे वर्षानुवर्षांच्या सरावानं उमटतात. २०३२च्या सुमाराला शास्त्रज्ञांना हे ठसे बाहेरून वाचता येऊ लागले. अनुभवी वैमानिकाच्या डोक्यावर संवेदकांची टोपी चढवायची, तीन वर्षं त्याची उड्डाणं नोंदवायची, आणि मग शिकाऊ उमेदवार झोपलेला असताना सौम्य चुंबकी स्पंदनांनी तेच ठसे त्याच्या लहान मेंदूत उमटवायचे. सहा आठवड्यांत उमेदवाराचा हात वीस वर्षांचा मुरलेला होतो. दळवींचा उजवा हात निधीच्या डाव्यात उतरवला होता, आरशात दिसतो तसा, कारण ते डावीकडे बसायचे आणि ती उजवीकडे.

आता कंपन्या हुशार! पूर्वी त्या शिकवायच्या आणि मग कामावर घ्यायच्या. पुढे म्हणू लागल्या, तुमचं तुम्ही शिकून या. आता तर हातवळणही उमेदवारानंच विकत घ्यायचं, वर प्रवाशांसकटच्या पंधरा उड्डाणांसाठी खुर्चीही त्यानंच विकत घ्यायची. तिकीट काढून मागे बसलेल्या प्रवाशाला पत्ताच नसायचा, की पुढे विमान चालवणाऱ्यानंही आपल्या जागेचे पैसे भरलेत.

निधीच्या आईची, उषाताईंची खामगावात खाणावळ होती. पंचवीस वर्षं चालवलेली, नवरा गेल्यावरही. ती या हातवळणापायी विकली. उषाताई आता दुसऱ्याच्या मंगल कार्यालयात स्वयंपाकाला जायच्या, आणि फोनवर रोज एकच विचारायच्या, "किती राहिले वं उड्डानं?"

आपल्या हातात कुणीतरी वाट बघत बसलंय, हे असल्या आईला कसं सांगणार!

तिनं सानपांना मात्र सांगितलं. ते खळखळून हसले. "अगं, त्याला आम्ही दळवींचा श्वास म्हणतो. एक्केचाळीस जणांना दिलंय हे हातवळण, सगळ्यांना तो विराम आहे. अठरा हजार तास उडाले दळवी, एक ओरखडा नाही विमानाला. त्या माणसाच्या हातात तू खोट काढतेस?"

"खोट नाही, सर. पण हात कशासाठी थांबतो ते कळायला नको?"

सानपांचं हसू मावळलं. "हे बघ वाकोडे, नियम तुला ठाऊक आहे. प्रत्यक्ष उड्डाणावरच्या वैमानिकानं हातवळणात दोष असल्याची तक्रार नियामकाकडे केली, तर त्या दात्याचं हातवळण असलेला प्रत्येक जण त्या मिनिटापासून जमिनीवर. चौकशी, मग ठसे पुसणं, मग पुन्हा पहिल्यापासून शिक्षण. एक्केचाळीस घरांची चूल विझवशील. आणि भरलेली फी परत मिळत नाही, हे करारात आहे. कळलं?"

कळलं. न कळायला काय झालं! ती मुकाट्यानं बाहेर आली.

पण स्वस्थ बसेल तर ती निधी कसली. दळवी दोन वर्षांपूर्वी हृदयविकारानं गेले होते. त्यांना विचारता येणार नव्हतं. ग्रंथालयात हातवळणाचा मूळ शोधनिबंध होता, तो तिनं काढला. चाळीस पानं आकडे आणि आलेख. एका तळटीपेत लिहिलं होतं: नोंदींत अनावश्यक फरक पडू नये म्हणून तीन वर्षं विमान एकच, मार्ग एकच आणि सहवैमानिकही एकच ठेवला. वैमानिक संघटनेच्या हरकतीमुळे कॉकपिटमधलं बोलणं मात्र ध्वनिमुद्रित केलेलं नाही. सहवैमानिकाचं नाव, जमीर काझी.

निधीनं ती तळटीप तीनदा वाचली. मग सुट्टीच्या दिवशी परतवाड्याची बस पकडली.

जमीर काझी ओसरीत बसून संत्र्यांच्या कलमांना सुतळी बांधत होते. साठीचा, किडकिडीत, तोंडाचा पट्टा सतत चालू असलेला माणूस. निधीनं नाव सांगितलं, काम सांगितलं, तर ते कपाळावर हात मारून हसले.

"दळवी साहेबाचा हात तुह्या हातात? वा रे वा! मले तं कोनी विचारलंबी नाही. टोपी त्यायच्या डोक्शावर, आन् मी बाजूले रिकामा बसलेला. साहेब मले कटकट्या म्हनत. तीन वर्सं सोबत उडलो, पन एक दिवस माहं तोंड बंद राहिलं असंन तं शपथ!"

"अजूनही बंद होत नाही," आतून चहा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोनं भर घातली.

"काका, पाचशे फुटांवर साहेबांचा हात थांबायचा का हो?"

काझींच्या बोटांतली सुतळी तशीच राहिली. त्यांनी निधीकडे नीट पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढली. "बस हितं. डोळे मिट. हात दांडीवर हाय असं समज. उतरव विमान."

निधीला जरा लाज वाटली. तरी तिनं डोळे मिटले. हजार फूट, आठशे, सहाशे, असं मनात मोजत ती हवेत हात चालवू लागली. पाचशेला हात थांबला.

"उतराचं का जाचं, साहेब?" काझींनी विचारलं.

निधीचा हात सैल झाला. नुसता हात नाही, खांदा, मान, सगळं अंग. हा माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता, त्याचा आवाज कधी ऐकला नव्हता. तिच्या हाताला मात्र तो ओळखीचा होता. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि तिला ते आवरेना.

"मी दररोज विचारत जाओ," काझी हळू आवाजात म्हणाले. "उतराचं का परत वर जाचं? नियमात नव्हतं ते. पन मी इचारलं का साहेब एक डाव सगळं नव्यानं पाहेत. वारा, वेग, धावपट्टी. मंग उत्तर देत. कधी तोंडानं, कधी नुसतं हातानं. अकरा डाव आम्ही खालून परत वर गेलो त्या तीन वर्सांत. मी इचारलं नसतं तं साहेब उतरले असते बापा. हात लई गुनाचा होता, पन हाताले उतराचीच सवय असते."

आता चित्र लख्ख झालं. शास्त्रज्ञांनी उत्तर देणारा हात टिपला होता, प्रश्न विचारणारा माणूस गाळला होता. प्रयोग चोख व्हावा म्हणून काझींना तीन वर्षं हलवलं नाही, त्यामुळे त्यांचा प्रश्न दळवींच्या लहान मेंदूचाच भाग होऊन बसला. एक्केचाळीस हात रोज पाचशे फुटांवर त्या प्रश्नाची वाट बघत होते. तो आला नाही, की सवयीनं उतरत होते.

"मीच मला विचारलं तर?" निधीनं डोळे पुसत विचारलं.

"करून पाहा. चालत नाही. आपलं आपल्याले इचारलं तं उत्तर आधीच ठरलेलं राहते. दुसऱ्यानंच इचाराव लागते."

परतीच्या बसमध्ये निधीनं तक्रारीचा मजकूर मोबाइलवर लिहिला. आणि पाठवला नाही. पुरावा काय, तर एका निवृत्त माणसाची आठवण आणि आपला हात. आधी नोकरी पदरात पडू दे, मग आतून सांगू, असं तिनं स्वतःला समजावलं. आणखी एक अडचण होती. दहा हजार फुटांखाली ठरावीक वाक्यांपलीकडे एक शब्दही बोलायला शिकाऊ उमेदवाराला बंदी होती. यंत्र सगळं ऐकायचं. एक जादा शब्द, की या पंधरा उड्डाणांची परीक्षा नापास.

चौदा उड्डाणं सुखरूप पार पडली. सगळे कॅप्टन जुन्या वळणाचे होते, आपापल्या हातानं शिकलेले. निधीचा हात थांबला तर त्यांतला कुणीतरी खाकरायचा, "बघ गं" म्हणायचा, आणि तेवढं पुरायचं. निधीलाही वाटू लागलं, की आपण उगाच बाऊ केला.

पंधराव्या उड्डाणाला, मे महिन्यातल्या एका दुपारी, नागपूर ते जळगाव, कॉकपिटमध्ये आधीच कुणी बसलं होतं. कॅप्टन तन्वी शेवाळे. वय चौतीस, कंपनीची लाडकी परीक्षक.

"ये गं," शेवाळे प्रसन्न हसल्या. "सानप सरांनी मुद्दाम जोडी लावलीय. मी दळवींच्या पहिल्या तुकडीतली. आपला हात एकच. काही सांगावंच लागणार नाही एकमेकींना!"

निधी उजवीकडच्या खुर्चीत बसली. तिनं पट्टा बांधला. मागे अठ्ठ्याऐंशी प्रवासी होते.

जळगावला पारा सेहेचाळीसवर होता. तापलेली हवा विरळ होते, पंखांना कमी पेलते, म्हणून विमान जास्त वेगानं उतरवावं लागतं आणि थांबायला जास्त धावपट्टी लागते. त्यात वारा लहरी. शिकाऊ उमेदवाराच्या मर्यादेबाहेर आहे म्हणत शेवाळेंनी विमान स्वतःकडे घेतलं. निधीनं फक्त आकडे बघायचे आणि ठरलेली वाक्यं बोलायची.

हजार फुटांवर समोरून येणारा वारा पडला. आठशेवर तो फिरला आणि पाठीमागून ढकलू लागला. वेग सात नॉट, आठ, नऊ. मर्यादा दहाची. वेग जरासा जास्त, तोही मर्यादेत. उंची जराशी जास्त, तीही मर्यादेत. एकेक आकडा नियमात बसत होता, म्हणून यंत्र गप्प होतं. पण सगळं एकत्र धरलं तर विमान फार वेगानं, फार पुढे जाऊन टेकणार होतं.

"पाचशे," यंत्र म्हणालं.

शेवाळेंचा हात थांबला.

आणि निधीला धक्का बसला तो पुढच्या गोष्टीनं. तिच्या मांडीवर नकळत हलणारा हातही त्याच क्षणी थांबला, आणि सगळ्या अंगभर एक गारेगार शांतता पसरली. सगळं ठीक आहे. कसलीही घाई नाही. आता कुणीतरी विचारेल. एका कॉकपिटमध्ये दोन बायका, दोघीही तिसऱ्याची वाट बघत होत्या, आणि तो तिसरा परतवाड्यात कलमं बांधत होता.

 बोललं की परीक्षा गेली. परीक्षा गेली की नोकरी गेली, आईची पंचवीस वर्षं गेली. आणि वर ती गोड शांतता कानात सांगत होती, की बोलायची काही गरजच नाही. शेवाळेंचा हात पुन्हा हलायला लागला. उतरण्याकडे.

"उतरायचं का जायचं, मॅडम?"

आवाज चिरका निघाला, पण निघाला. शेवाळेंची मान झटक्यात वर झाली. त्यांनी वारा पाहिला, वेग पाहिला, धावपट्टी पाहिली, आणि तोंडातून शब्द फुटायच्या आत त्यांच्या हातानं दांडी पूर्ण पुढे रेटली. इंजिनं गरजली. विमानानं नाक उचललं. खाली धावपट्टीच्या टोकाकडून धुळीची तांबूस भिंत आडवी सरकत आली आणि तिनं निम्मी पट्टी गिळली.

"जातोय," शेवाळे कशाबशा म्हणाल्या. "परत वर जातोय."

वीस मिनिटं त्या घिरट्या घालत राहिल्या. वारा निवला, मग उतरल्या. उतरण्यापूर्वी निधीनं पुन्हा विचारलं, आणि शेवाळेंनी या वेळी तोंडानं उत्तर दिलं. प्रवासी उतरून गेले. कॉकपिटमध्ये दोघीच उरल्या, तेव्हा शेवाळे आपला उजवा हात डाव्या हातात धरून बसल्या होत्या.

"काय बोललीस तू? मी हलवला नाही गं हात. तो हलला."

निधीनं सगळं सांगितलं. तळटीप, परतवाडा, काझी. शेवाळेंनी टॅब्लेट उघडला, मघाचे आकडे भरले आणि यंत्राला हिशेब करायला लावला. उतरलो असतो तर विमान कुठे थांबलं असतं? उत्तर आलं, धावपट्टी संपल्यावर आणखी एकशे ऐंशी मीटरवर. तिथे नाला होता.

शेवाळेंनी तो आकडा पुन्हा एकदा तपासला. मग म्हणाल्या, "तुझी परीक्षा यंत्रानं नापास दाखवलीय. माझ्या सहीनं ते बदलतं. तो प्रश्न गरजेचा होता असं लिहिते, तू पास. नोकरी पक्की. फक्त तक्रार करू नकोस. आपण सानप सरांशी बोलू, महिन्या-दोन महिन्यांत गुपचूप दुरुस्त करून घेऊ. नऊ वर्षं झाली मला, निधी. हा हात काढून घेतला तर मला विमान उडवताच येत नाही. दुसरं काही शिकलेच नाही मी."

निधीला त्यांचा राग आला नाही. इतके दिवस तीही याच हिशेबात होती.

"मॅडम, आज आणखी कुठे आपल्या दोघींसारखी जोडी आहे?"

शेवाळेंनी नाराजीनं वेळापत्रक उघडलं. बोट खाली सरकत गेलं आणि थांबलं. "पाच चाळीसचं कोल्हापूर. दोघेही आपलेच." त्यांनी घड्याळात पाहिलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांनी सानपांना फोन लावला. सानप बैठकीत होते. पुन्हा लावला. सानपांनी कापला.

"महिना-दोन महिने म्हणालात ना," निधी म्हणाली. "आपल्याकडे अर्धा तास आहे."

शेवाळेंचा चेहरा वाकडा झाला. त्यांना रडू येत होतं आणि त्या ते गिळत होत्या. त्यांनी टॅब्लेट निधीच्या मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर तोंड वळवलं. "मला नाही जमणार. तू पाठव. ते एकशे ऐंशी मीटर जोडायला विसरू नकोस."

निधीनं बसमध्ये लिहिलेला मजकूर काढला, यंत्राचं उत्तर जोडलं, खाली स्वतःचं नाव घातलं आणि पाठवून दिलं. पाच एकोणीसला नियामकाचा आदेश आला. दळवी हातवळण असलेले सर्व वैमानिक पुढील सूचनेपर्यंत उड्डाणास अपात्र. कोल्हापूरचं विमान जागेवर थांबलं. यांचंही थांबलं, कारण ते परत न्यायला आता वैमानिकच नव्हते.

तिनं आईला फोन लावला. घोटाळ्याचं सगळं सांगितलं, शेवटी नोकरीचंही सांगितलं. पलीकडे मंगल कार्यालयातल्या भांड्यांचा खणखणाट होता. तो थांबला. उषाताई बाहेर आल्या असाव्यात.

"मले लय राग आला तुहा," त्या म्हणाल्या. "खोटं कायले बोलू? लय राग आला." मग म्हणाल्या, "एक डाव वरनाले वास येत होता. पन्नास मानसाइचं वरन होतं. गिऱ्हाईक म्हने चालते, तुहा बाप म्हने चालते. मी ओतून देल्लं. आठ दिवस बोलला नाही तो. मीबी रडली होती त्या दिवशी. रड तूबी. रडाले काय जाते."

पण रडायला सवड कुठे होती! प्रतीक्षागृहात नागपूरला निघालेले सत्तर-ऐंशी प्रवासी खवळले होते. गणवेशातली निधी दिसताच ते तिच्यावर धावून आले. सगळ्यांत पुढे एक धोतर-टोपीवाले आजोबा होते. हातात लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठा, तोंडावर घाम.

"नातीचं लग्न आहे माझ्या उद्या!" ते ओरडले. "मघापासून ताटकळत ठेवलंय. विमान उभं आहे, वैमानिक उभ्या आहेत, आणि म्हणे उड्डाण नाही! तुम्हाला विमान उडवता येत नाही का?"

शेवाळे पुढे होऊन काहीतरी तांत्रिक अडचणीचं सांगणार होत्या. निधीनं त्यांना हातानं थांबवलं.

"नाही येत, आजोबा," ती म्हणाली. "आम्हालाही आजच कळलं. चला, तुमच्या नागपूरच्या गाडीचं बघू."